टीम जमायला वेळ का लागतो, आणि त्या वेळात नक्की होतं काय

कुठल्याही प्रोजेक्ट प्लॅनची एक्सेल शीट उघडून बघा. रिक्वायरमेंटला तीन आठवडे, डिझाइनला दोन, मग डेव्हलपमेंट, टेस्टिंग, यूएटी (क्लायंट स्वतः वापरून तपासतो ती चाचणी), गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्यासुद्धा धरलेल्या असतात, रिसोर्सच्या कॉलममधे नावं भरलेली आणि प्रत्येकासमोर अलोकेशन १००%. पण ही जी आठ माणसं आहेत, ज्यातली निम्मी एकमेकांना पहिल्यांदाच बघतायत, ती एकत्र काम करायला शिकणार कधी त्याची ओळ त्या शीटमधे कुठेच नसते. सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं की सोमवारी सगळे जॉइन झाले म्हणजे सोमवारपासून टीम झाली. मग दीड महिन्यात खटके उडायला लागले की मॅनेजर म्हणतो अमुक एकाचा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाहीये.

बऱ्याचदा अ‍ॅटिट्यूडचा काही संबंध नसतो. एकत्र काम करायला शिकणं हे पण एक काम आहे, त्याला वेळ लागतो, आणि त्यातून जे तयार होतं ते कुणा एकाच्या डोक्यात नसतं, त्यामुळे एक माणूस काढून दुसरा टाकला की त्यातलं बरंचसं गळून पडतं. हे नुसतं माझं मत नाहीये, यावर बराच अभ्यास झालाय, त्यातला एक तर आपल्याच देशातल्या एका आयटी कंपनीतला आहे, त्याच्याकडे येतो.

आधी टकमन, कारण ह्या विषयावरचं कुठलंही कॉर्पोरेट ट्रेनिंग असू दे, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर हे नाव येतंच. ब्रूस टकमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९६५ साली ते मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे नौदलाच्या मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमधे होते, तिथे त्यांनी छोट्या गटांबद्दलचे ५० लेख वाचून काढले आणि त्यातून चार टप्पे मांडले: फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग. १९७७ मधे मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्याबरोबर पाचवा जोडला, अ‍ॅडजर्निंग, म्हणजे टीम मोडण्याचा टप्पा.

पहिला टप्पा म्हणजे सगळे गोड वागत असतात तो. 'हो सर, होऊन जाईल', 'नो इश्यूज', कुणी कुणाला आडवं जात नाही, मीटिंगमधे प्रश्न विचारा म्हटलं की शांतता, आणि मीटिंग संपल्यावर दोन मिनिटात प्रायव्हेट चॅटवर 'अरे हे नक्की काय करायचंय?' आपल्याकडे हा टप्पा जरा जास्तच लांबतो असं मला वाटतं, कारण मोठ्या माणसासमोर शंका काढायची नाही हे आपण शाळेपासून शिकलेलो असतो आणि आर्किटेक्टला, म्हणजे सिस्टिमचा आराखडा ठरवणाऱ्याला, सर म्हणायची सवय असेल तर त्याच्या डिझाइनमधे भोक आहे हे सांगायला जीभ रेटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वा काय छान टीम आहे. खरं तर अजून कुणाला काहीच माहीत नसतं, समोरच्याला काय येतं, काय येत नाही, कशावर चिडतो, 'उद्या देतो' म्हणाला तर उद्याच देतो का परवा, काहीच नाही.

दुसरा टप्पा भांडणांचा, आणि खरी गंमत इथेच आहे म्हणून जरा थांबतो. भांडणं दिसतात फालतू. बॅकएंडवाल्याने एपीआयमधलं (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी ज्यातून बोलतात त्यातलं) एक फील्ड बदललं आणि मोबाइलवाल्या पोरीला सांगितलं नाही. टेस्टरने शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता एकदम पंचवीस बग टाकले आणि निघून गेली. एकजण म्हणतो माझं काम डन आहे, म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर चालतंय, दुसरा म्हणतो डन म्हणजे टेस्ट होऊन सगळ्यांच्या कोडमधे मर्ज झालं पाहिजे. सिनियर कोड रिव्ह्यूमधे फक्त 'का?' एवढंच लिहितो आणि ज्युनिअरला वाटतं आपला अपमान केला. शनिवारच्या सपोर्टला दर वेळी तेच दोघं, कारण त्यांचं लग्न झालेलं नाहीये. ह्यातलं प्रत्येक भांडण वरवर एका बगचं किंवा एका सुट्टीचं असतं पण आत सगळीकडे त्याच दोन-तीन गोष्टी चाललेल्या असतात: इथे शेवटचा शब्द कुणाचा, काम झालं असं कधी म्हणायचं, आणि अडचण आली तर कुणाला आणि किती लवकर सांगायचं. ह्याची उत्तरं पहिल्या दिवशी कुणाकडेच नव्हती, ऑर्ग चार्टमधेही नव्हती, ती आत्ता ठरतायत.

म्हणून ह्या टप्प्यावर 'चला सगळ्यांना लोणावळ्याला नेऊया' हा उपाय मला कधी पटलेला नाही. लोणावळ्याला जाऊन मजा येते, चिक्की मिळते, पण सोमवारी एपीआयचं फील्ड कुणी कुणाला न सांगता बदलायचं नाही हे ठरलेलं नसतंच. भांडण कामावरचं आहे तोवर ते कामावरच सोडवता येतं, दोघांना एका टेबलावर बसवून 'डन म्हणजे काय ते चार ओळीत लिहा' इतकं साधं. ते तसंच कुजत ठेवलं की हळूहळू ते माणसावर जातं, 'तो तसलाच आहे' वर येतं, आणि मग मात्र सोडवणं अवघड.

तिसऱ्या टप्प्यात हे न लिहिलेले नियम बसतात. शुक्रवारी चारनंतर प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या चालू सिस्टिमवर, काही टाकायचं नाही. क्लायंट कॉलवर आपसात वाद घालायचा नाही, आधी आतल्या चॅटवर बोलून घ्यायचं. डेटाबेसवाल्या ताईंना सकाळी अकराच्या आधी फोन करायचा नाही, मुलाची शाळा असते, पण अकरानंतर त्या पाच मिनिटात उत्तर देतात. चौथा टप्पा म्हणजे काम सुरळीत चालू, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, चालू असतं तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता एक गोष्ट जी स्लाइडवर नसते. टकमननी वाचलेले ते ५० लेख बहुतेक थेरपी ग्रुप आणि ट्रेनिंग ग्रुपबद्दलचे होते, म्हणजे मानसिक उपचारासाठी किंवा स्वतःला ओळखायला एकत्र बसणाऱ्या माणसांचे. प्रोजेक्ट टीम त्यात फारशा नव्हत्याच, आणि ही मर्यादा त्यांनी स्वतः मांडलेली आहे. त्यामुळे 'आपण आता स्टॉर्मिंगमधे आहोत, पुढच्या महिन्यात नॉर्मिंग' असं वेळापत्रक लावायला जाऊ नका. टप्पे मागेपुढे होतात, काही टीम भांडणाशिवायच स्थिरावतात, काही तिथेच अडकून मोडतात, आणि लीड बदलला की चांगली चाललेली टीम सरळ पहिल्या पायरीवर येते, परत सगळे गोड वागायला लागतात.

मग ह्या सगळ्यातून टीम शिकते काय? मला पटलेलं उत्तर डॅनिएल वेगनर ह्या मानसशास्त्रज्ञांचं आहे. त्यांनी १९८० च्या दशकात मांडलं की जवळची माणसं सगळं आपापल्या डोक्यात ठेवत नाहीत, कुणाला काय माहीत आहे एवढंच लक्षात ठेवतात आणि बाकीचं एकमेकांवर सोडतात. नवीन सून घरात आली की पहिले काही दिवस हिंगाचा डबा शोधण्यातच जातात बघा, स्वयंपाक तिला उत्तम येत असला तरी, आणि त्याच वेळी घरातल्या बाकीच्यांना पण कळत नसतं की हिला काय सांगायचं आणि काय हिच्यावर सोडायचं. टीमचं अगदी तेच.

ह्यावर १९९५ मधे कार्नेगी मेलन विद्यापीठात एक छान प्रयोग झाला, लियांग, मोरलँड आणि अर्गोट ह्या तिघांचा. विद्यार्थ्यांना किटमधून रेडिओ जोडायला शिकवलं. काहींना तिघा-तिघांच्या गटात एकत्र शिकवलं, काहींना एकेकट्याला, शिकवलं मात्र तेच. एका आठवड्याने सगळ्यांना तिघा-तिघांत बसवून रेडिओ जोडायला लावला, एकत्र शिकलेल्यांना त्यांच्याच गटात आणि एकेकटे शिकलेल्यांना नव्या गटात. एकत्र शिकलेल्या गटांना पायऱ्या जास्त आठवल्या आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. का, तर शिकताना त्यांची आपोआप वाटणी झाली होती, ह्याला वायरिंग लक्षात राहतं, तिला क्रम पाठ आहे, आणि तिच्या क्रमावर बाकीचे दोघं वाद न घालता विश्वास ठेवत होते. ट्रेनिंग सगळ्यांना सारखंच होतं हे लक्षात घ्या. आपल्याकडे प्रत्येकाला वेगवेगळा ऑनलाइन कोर्स करायला लावतात, सर्टिफिकेट गोळा करतात आणि मग टीममधे टाकतात, त्याचा काय उपयोग होतो ते ह्यावरून ओळखा.

आता आपल्या आयटीतला अभ्यास. रॉबर्ट हकमन आणि ब्रॅडली स्टाट्स ह्या संशोधकांनी विप्रोचे १,००४ प्रोजेक्ट तपासले, त्यात ११,३७६ माणसं होती. बघायचं हे होतं की टीममधल्या लोकांनी आधी एकमेकांबरोबर किती काम केलंय त्याचा रिझल्टवर काय परिणाम होतो. ही ओळख ५०% वाढली तर डिफेक्ट १९% कमी आणि ठरलेल्या बजेटपासूनचा फरक ३०% कमी असा हिशोब निघाला. आणि ह्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रोजेक्ट कसा होईल ह्याचा अंदाज माणसांच्या वैयक्तिक अनुभवापेक्षा ह्या ओळखीवरून जास्त चांगला येत होता. म्हणजे आपण रेझ्युमेवर 'आठ वर्ष जावा' बघून माणूस घेतो आणि ही आठ वर्ष कुणाबरोबर हे विचारतच नाही.

ह्याच हकमननी गॅरी पिसानो यांच्याबरोबर २००६ मधे पेनसिल्व्हेनियातल्या हार्ट सर्जन्सचा डेटा बघितला होता. तिथे एकच सर्जन दोन-तीन हॉस्पिटलमधे ऑपरेशन करतो. बघितलं तर ज्या हॉस्पिटलमधे त्याने अलीकडे जास्त ऑपरेशन केली तिथे त्याचे रिझल्ट सुधारले, पण ती सुधारणा दुसऱ्या हॉस्पिटलमधे त्याच्याबरोबर फारशी गेली नाही. हात तोच, डोकं तेच, पण भूल देणारे वेगळे, नर्स वेगळ्या.

विमानाचं तर अंगावर येतं. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७८ ते १९९० मधले असे ३७ मोठे अपघात तपासले ज्यात क्रूच्या चुकांचा हात होता. त्यातल्या ज्या अपघातांची ही माहिती उपलब्ध होती त्यातले ७३% क्रूच्या एकत्र उडण्याच्या पहिल्या दिवशी झालेले, आणि ४४% तर पहिल्याच फ्लाइटला. आकडा छोटा आहे, पंधरा-सोळा अपघातांवरून काढलेला, त्यामुळे त्याला वेद मानू नका. पण नासाच्या सिम्युलेटर अभ्यासातही तीच दिशा दिसली, थकलेले पण आधी एकत्र उडलेले पायलट हे ताजेतवाने पण एकमेकांना अनोळखी पायलटपेक्षा कमी चुका करत होते. झोप झालेली नसताना!

इथे साहजिक प्रश्न येतो की उशीर होतोय तर माणसं वाढवा ना. फ्रेडरिक ब्रूक्स, ज्यांनी आयबीएमच्या ओएस/३६० ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं होतं, त्यांनी १९७५ मधेच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमधे माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. कारण साधं गणित आहे. ५ माणसांमधे एकेकाचं एकेकाशी बोलणं धरलं तर १० जोड्या होतात, ८ माणसांमधे २८, १२ माणसांमधे ६६. माणसं दुपटीहून थोडी जास्त, बोलणं साडेसहा पट. शिवाय नव्या माणसाला शिकवणार कोण, तर ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोड आहे तोच. तरी दर रिलीजच्या आधी कुणीतरी डायरेक्टर चार जण 'हेल्पला' पाठवतोच, नाही म्हणायची सोय नसते.

आणि मोठ्या टीममधे माणसं थोडी ढिली पण पडतात. फ्रेंच शेती-अभियंता मॅक्स रिंगलमन यांनी १९१३ मधे छापलेले दोर ओढायचे प्रयोग आहेत, त्यात आठ जणांनी मिळून ओढलं की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढण्याच्या सुमारे निम्म्यावर यायचा. काही भाग ताळमेळ न बसल्याचा, पण सगळा नाही. १९७४ मधे हाच प्रयोग परत केला तेव्हा माणसाच्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि मागे उभी असलेली माणसं ओढायचं नुसतं नाटक करत होती, म्हणजे ताळमेळाचा प्रश्नच नव्हता, तरी बिचाऱ्याने जोर कमीच लावला, फक्त मागे कुणीतरी आहे एवढ्या समजुतीवर. तीस जणांच्या कॉलवर कॅमेरा बंद करून बसलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

वेळेबद्दल अजून एक माहिती आहे जी फार कमी लोक सांगतात आणि मला ती टकमनपेक्षा जास्त कामाची वाटते. कॉनी गर्सिक ह्यांनी १९८८ मधे आठ टीमचा अगदी जवळून अभ्यास छापला, कुणाला काम संपवायला आठवडा, कुणाला सहा महिने. टकमनसारखे टप्पे दिसतील म्हणावं तर तसं दिसलंच नाही. प्रत्येक टीमने पहिल्याच मीटिंगमधे कामाची एक पद्धत धरली आणि निम्मा वेळ तीच ओढत राहिली, फार पुढे न जाता. आणि बरोब्बर मध्यावर, आठवडावाल्यांचा असो नाहीतर सहा महिनेवाल्यांचा, एकदम घड्याळाकडे लक्ष गेलं, 'अरे अर्धा वेळ गेला', आणि टीमने जुनी पद्धत टाकून नवीन धरली, बाहेरच्यांशी बोलली, भराभर पुढे गेली. दिल्ली मेट्रोच्या कामात ई. श्रीधरन यांनी ऑफिसांमधे उलटी मोजणी दाखवणारे बोर्ड लावले होते, किती दिवस उरले ते रोज डोळ्यासमोर, ते मला ह्या अभ्यासानंतर जास्त कळलं.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली मीटिंग वाटते त्यापेक्षा फार महत्त्वाची, तिथे जर लीड तासभर एकटाच स्लाइड वाचत राहिला तर टीम शिकते की इथे ऐकायचं असतं, आणि पुढचा निम्मा प्रोजेक्ट ती ऐकतच राहते. आणि दुसरी, पद्धत बदलायची असेल तर मधली तारीख गाठा. दर आठवड्याला रेट्रो (झालेल्या कामाचा आढावा) करून जे होत नाही ते मध्यावरच्या एका नीट बसून केलेल्या मीटिंगमधे होऊ शकतं, कारण तेव्हा माणसं स्वतःच हललेली असतात.

चुकांबद्दल सांगायचं राहिलं. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीमवर काम केलं, अपेक्षा अशी की चांगल्या टीममधे औषधं देण्यातल्या चुका कमी असतील. निघालं उलटं, चांगल्या टीममधे चुका जास्त नोंदलेल्या! मग खोलात गेल्यावर कळलं की चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या, बाकीच्या टीममधे लपवल्या जायच्या. तेव्हा ज्या टीमच्या रिस्क रजिस्टरमधे, म्हणजे धोक्यांच्या यादीत, तीन महिने सगळं हिरवंच आहे त्या टीमची मला तरी काळजी वाटते. ज्युनिअर पोरगा मीटिंगमधे 'सर मला हे कळलं नाही' म्हणाला आणि त्यावर सर काय बोलले, हे बाकीचे सात जण डोक्यात कायमचं नोंदवून ठेवतात. 'एवढं पण कळत नाही?' असं एकदा झालं की पुढचे सगळे बग यूएटीत क्लायंटलाच सापडणार.

मग करायचं काय? पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने बाकीच्यांना सांगायचं की मला काय चांगलं येतं, काय येत नाही, आणि कुठल्या वेळेला माझ्याकडून उत्तर येणार नाही. रेझ्युमे वाचून दाखवायचा नाही, उगाच हसं होतं. दोनेक आठवड्यात काहीतरी छोटं पण खरं काम सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत न्यायचं, एक लॉगिन स्क्रीन का होईना, डेटाबेसपासून प्रॉडक्शनपर्यंत, म्हणजे जी भांडणं चौथ्या महिन्यात होणार ती स्वस्तात आत्ताच होतात. ठरलेले नियम एका पानावर लिहायचे, एकाच, दहा पानी चार्टर कुणी उघडत नाही. नवीन माणूस आला की ते पान त्याला द्यायचं आणि त्याच्याबरोबर एक जुना माणूस काही दिवस खरोखर मोकळा ठेवायचा, कागदावरचा बडी नको. घरून काम करणाऱ्या टीममधे हे सगळं अजून मुद्दाम करावं लागतं, कारण ऑफिसमधे शेजारच्याचा चेहरा बघून जे कळायचं ते चॅटवर कळत नाही, चॅटवर सगळ्यांचा एकच अंगठा येतो.

आणि प्रोजेक्ट संपताना, तो पाचवा टप्पा. आपल्याकडे तो म्हणजे केक, ग्रुप फोटो आणि दुसऱ्या दिवशी सगळे बेंचवर (पुढचं काम मिळेपर्यंत रिकामे), एक हैदराबादच्या अकाउंटला, एक नोटीस पिरियडवर. सगळी टीम एकत्र ठेवणं कुणाच्याच हातात नसतं हे मान्य. पण दोघं-तिघं ठेवता येतात. रिसोर्स अलोकेशनवाल्यांना मेल टाकताना 'दोन जावा, एक टेस्टर पाहिजे' असं न लिहिता 'हे दोघं आणि ती टेस्टर मागच्या प्रोजेक्टला एकत्र होते, शक्य असेल तर एकत्रच द्या' असं लिहून बघा, फार तर नाही म्हणतील.